थ्रॉटल: वाफेच्या इंजिनापासून प्रोसेसरपर्यंत

१/ वरठीच्या भंडारा रोड स्थानकातून एकेकाळी वाफेची इंजिने धावत. इंजिनाकडे जाणारी वाफ आवरणाऱ्या झडपेस इंग्रजीत 'थ्रॉटल' म्हणतात. १७८८ मध्ये जेम्स वॅटने कारखान्यातील इंजिनांना गव्हर्नर जोडला आणि यंत्र स्वतःचा वेग स्वतःच आवरू लागले.

२/ नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या इंटेलच्या पेंटियम ४ मध्ये त्याच तत्त्वाचे नवे रूप दिसले. तापमानाने मर्यादा गाठताच प्रोसेसर आपले क्लॉक क्षणोक्षणी थांबवी. चिप वाचे, वापरणाऱ्याला मात्र केवळ संथपणा जाणवे.

३/ तरी पुरावा उरे. चिपच्या एका रजिस्टरमध्ये दोन बिट होते: एक 'आता तापले आहे' सांगे, दुसरा 'मागे तापले होते' याची नोंद राखी. आज लिनक्स अशा प्रसंगांची मोजणीही ठेवते. संगणक पुन्हा सुरू करताच ती शून्यापासून सुरू होते.

४/ मे महिन्याच्या वैदर्भीय उन्हात लॅपटॉप रखडला, तर तो 'जुना झाला' असा निकाल देण्याआधी ही मोजणी पाहावी. आकडा वाढत असेल, तर दोष वयाचा नसून पंख्यात साचलेल्या धुळीचा असू शकतो. समकालीन साधन तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हा इतिहासाचा दंडक यंत्रालाही लागू पडतो.