लिंबाखालची पद्मिनी

चितोडची पद्मिनी अल्लाउद्दिन खिलजीने आरशात पाहिली आणि त्याची झोप उडाली, अशी गोष्ट आहे. इतिहासाची माणसं सांगतात, अल्लाउद्दिनाने १३०३ साली चितोड घेतलं एवढं खरं. पद्मिनीची गोष्ट मलिक मुहंमद जायसीने १५४० च्या सुमारास काव्यात लिहिली. सव्वादोनशे वर्षांनी लिहिलेल्या गोष्टीतल्या आरशावर किती विश्वास ठेवायचा? मी मात्र ठेवतो. कारण मीही पद्मिनी आरशातच पाहिली.

जवळा बाजारहून मोटारसायकलवर औंढ्याकडे निघालो होतो. गावाबाहेर पडताना आरशात सहज नजर गेली, तर मागे एका आखाड्यावर, लिंबाच्या झाडाखाली दोन गोल डोळे माझ्याकडे बघत होते. प्रीमियर पद्मिनी! रंग एकेकाळी पांढरा असावा. नाकपुड्या शाबूत. चारही चाकं जमिनीत चार-चार बोटं रुतलेली. मी गाडी वळवली. नागनाथाचं दर्शन त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

"काय बघू लालाव, सर?" मालक बाजेवरून उठत म्हणाला.

"काही नाही, सहज."

मराठवाड्यात 'सहज' म्हणणारा माणूस गिऱ्हाईक असतो, हे शेंबडं पोरही ओळखतं. "अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल हाय. इंजन येकदम ठणठणीत. निस्ती चालू होईना. तीस हजार द्या अन् घेऊन जा." घेऊन जा म्हणजे कशी, हे काही त्याने सांगितलं नाही. मी दार उघडून आत डोकावलो. मागच्या सीटवर कोंबडी बसली होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी "माफ करा" म्हणून दार लावून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, तीस हजारांत एवढं वेडं होण्यासारखं काय आहे? वाचकहो, थोडा इतिहास सांगतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी कुर्ल्याला अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडल्या, पुढे इटलीच्या फियाटशी सूत जमलं. १९६४ ला 'फियाट ११०० डिलाइट' आली. खुद्द इटलीत फियाटने ते रूप १९६६ लाच बदलून टाकलं. आपण? आपण संसारी माणसं. एकदा घरात आलेली वस्तू अशी टाकून देत नाही. फियाटचं नाव गेलं, 'प्रेसिडेंट' आलं, मग 'पद्मिनी'. आतली बाई तीच. १०८९ सी.सी.चं इंजिन, चाळीसेक घोड्यांची ताकद, गिअरची दांडी स्टिअरिंगला. अशी ती थेट नवं शतक उजाडेपर्यंत बनत राहिली. दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली, तोवर साधारण कुटुंबाला दोनच स्थळं : कलकत्त्याकडची ॲम्बॅसॅडर नाहीतर मुंबईची फियाट. (मद्रासची स्टँडर्ड होती, पण सावत्र बहिणीला कोण विचारतो?) आणि पैसे असले तरी गाडी मिळत नसे. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागला की ती गाडी जास्तीच्या पैशाने दुसऱ्याला विकणारे महाभागही होते.

आमच्या भागाचं तर आणखी वेगळं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्या घेऊन वाहतूक सुरू केली. हा मोठा पल्ला खरा, पण खेड्यातल्या माणसाची गाडी म्हणजे बैलगाडीच. निजामाकडे मात्र १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस होती, आत सिंहासनासारखं आसन असलेली. ती आयुष्यात फार थोडी चालली. तेव्हा उभी राहणारी मोटार ही आमच्याकडची जुनी राजेशाही परंपरा आहे, असं मी मनाला समजावलं. मोहात पडलेल्या माणसाला इतिहास फार उपयोगी पडतो.

पण खरं कारण इतिहास नव्हता. १९७० च्या पावसाळ्यात माझ्या आईला रात्री कळा सुरू झाल्या आणि काहीतरी अडलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. एका ओळखीच्या डॉक्टरांची फियाट होती. त्यांनी वडिलांना पुढे, आईला आणि आजीला मागे घालून परभणी गाठली. मी परभणीत जन्मलो, पण आजी शेवटपर्यंत सांगायची, "हे मोटारीतच व्हायचं, चार कोसांनी चुकलं." त्या रात्रीनंतर वडिलांनी ठरवलं : गाडी घ्यायची तर फियाट. जन्मभर सायकल चालवली. गावात कुणाची फियाट आली की टपावरून हात फिरवून यायचे, जसा पोळ्याला बैलावरून फिरवतात. ते गेले तेव्हा त्यांच्या पेटीत मुलांच्या मार्कशीटांबरोबर फियाटचं चित्र असलेलं मासिकाचं पान निघालं. लिंबाखाली मला जे दोन गोल डोळे दिसले, ते काही नुसते हेडलाइट नव्हते.

घरी पैसे होते. हळदीचे. पण ते माळवदाचे होते, म्हणजे गळकं माळवद पाडून स्लॅब टाकायला ठेवलेले. मी विषय काढला. सौभाग्यवती भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज वाढला.

"चालते का?"

"सध्या नाही."

"मग तिला गाडी का म्हणायचं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी म्हणालो, बाबांची इच्छा होती. आवाज थांबला. "मामंजींची इच्छा गाडीत बसायची होती," ती म्हणाली, "गाडीजवळ बसायची नव्हती."

तरी मी मिस्त्रीला घेऊन गेलोच. बैल घ्यायचा तर दात पाहतात. अदात, दोन दाती, चार दाती, जुळलेला. बैलाला वय लपवता येत नाही. मोटारीला दात नाहीत, ही तिच्या जातीची खरी अडचण. जॉर्ज अकर्लॉफ नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७० साली (माझ्याच जन्मसाली!) नेमका यावरच निबंध लिहिला : जुन्या गाडीचं गुपित विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून बाजारात वाईट मालाची गर्दी होते आणि चांगला माल घरीच राहतो. आधी तीन नियतकालिकांनी निबंध साभार परत केला. २००१ साली त्याला नोबेल मिळालं. अशा फसव्या गाडीला अमेरिकन लोक 'लिंबू' म्हणतात. आमची तर लिंबाखालीच उभी होती. याहून स्वच्छ इशारा नागनाथ तरी काय देणार?

मिस्त्री आधी बॉनेटकडे गेलाच नाही. खाली झोपला आणि स्क्रू-ड्रायव्हर वर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. "सर, हिला वेगळी चासी नसती. हा पत्राच हिचा सांगाडा. अन् सांगाड्याचं पापड झालंय." मग इंजिन हाताने फिरवून पाहिलं, हललं नाही. वायरी उंदरांनी नेलेल्या. ब्रेकचे सिलिंडर जाम. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, तिचे जुने रबरी पाइप ते सोसणार नाहीत. बोटं मोजत मोजत तो दोन लाखांवर आला आणि बोटं संपली म्हणून थांबला.

कागदांची तऱ्हा निराळीच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते; त्याची फी २०२२ मध्ये पाच हजार झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. पन्नास वर्षं पुरी झाली की 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद होते, तिचे वीस हजार. म्हणजे १९७८ च्या पद्मिनीला म्हातारी म्हणायचं की पुराणवस्तू, हे २०२८ पर्यंत सरकारच सांगू शकत नाही.

मी मालकाला नाही म्हणालो. सोपं नव्हतं ते. तो पंचवीसवर आला, मग वीसवर, मग "पंधरा द्या अन् कोंबडी फुकट". प्रत्येक आकड्याला माझ्या पोटात खड्डा पडला. मी टपावरून एकदा हात फिरवला आणि मोटारसायकलला किक मारली.

महिन्याभराने ती भंगाराच्या टेम्पोत चढवताना मी नेमका तिथून चाललो होतो. (नेमका म्हणजे, कळलं होतं म्हणून.) किलोवर गेली. कोंबडीला आधी खाली उतरवावं लागलं. तिने बराच आरडाओरडा केला, मी केला नाही. मालकाला माझी दया आली असावी. त्याने आतला छोटा आरसा उपसून माझ्या हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत.

स्लॅब झाला. आरसा मी न्हाणीघराच्या भिंतीवर लावलाय. रोज सकाळी त्यात बघून दाढी करतो. चेहरा हळूहळू वडिलांसारखा दिसू लागलाय. परवा सौभाग्यवती मागे येऊन उभी राहिली, दोघांना त्यात बघितलं, आणि म्हणाली, "एवढाच भाग चालू होता बघा."