नाइट्सची पुतळी

पुतळ्यांची माळ मराठी घरांना नवी नाही. त्या पुतळीचं माहेर मात्र व्हेनिस. १२८४ पासून तिथे पडू लागलेल्या सोन्याच्या डुकाटवर एका बाजूला संत मार्क उभे, त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, आणि दोघांच्या मधोमध निशाणाची काठी. पालथ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयातला येशू. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ निखळ. पाचशे वर्षांत ना वजन फारसं बदललं, ना चित्र. वरचं लॅटिन आपल्याकडच्या सराफाला कुठलं वाचता येणार? त्याला चित्राची ओळख पुरे होती.

असं नाणं म्हटलं की नकला आल्याच. त्यातली मानाची नक्कल सेंट जॉनच्या नाइट्सची. संन्याशाची शपथ घेऊन तलवार चालवणारी ही मंडळी. १५२२च्या वेढ्यात सुलतान सुलेमानाने त्यांना ऱ्होड्समधून हुसकलं. १५३०मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा दिलं, तेही वर्षाला एक ससाणा एवढ्या मोबदल्यावर! तिथल्या नाण्यावर मार्कच्या जागी बाप्तिस्मा देणारा योहान आला, डोजच्या जागी नाइट्सचा प्रमुख, ग्रँड मास्टर, गुडघ्यावर आला आणि कडेला देवाच्या शत्रूंविरुद्ध बळ मागणारा मजकूर. उसनं चित्र, उसनी पत. पण सोनं स्वतःचं. सोनं नसे तेव्हा काय? १५६५च्या तुर्की वेढ्यानंतर व्हॅलेटा शहर बांधताना ग्रँड मास्टर व्हॅलेटने तांब्याची नाणी चालवली आणि त्यांवर ‘धातू नव्हे, विश्वास’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द घातले. एवढा रोखठोक मजकूर नाण्यावर क्वचितच सापडेल.

अठराव्या शतकात लढाया आटल्या आणि नाण्यांची ऐट वाढली. ग्रँड मास्टर पिंटोच्या (१७४१–७३) काळातलं वीस स्कूदींचं (स्कूदी म्हणजे तिथलं चलन) सोन्याचं नाणं सुमारे १६ ग्रॅमचं, म्हणजे जुन्या डुकाटच्या चौपटीहून जड. गुडघे टेकणं गेलं, राजासारखा मुकुट आला. तिजोरीचा मोठा आधार मात्र फ्रान्समधल्या जमिनींचा होता आणि १७९२मध्ये क्रांतिसरकारने त्या जप्त केल्या. १७९८च्या जूनमध्ये नेपोलियन आला, तेव्हा नाइट्सनी काही दिवसांतच बेट सोडून दिलं.

थोड्याच महिन्यांत माल्टावासीयांनी उठाव केला आणि फ्रेंच शिबंदी व्हॅलेटात कोंडली गेली. खर्चाला पैसा हवा म्हणून तिने सोन्याचांदीच्या लगडी पाडून त्यांवर थेट किंमत ठोकली. त्यातल्या सोन्याच्या लगडी आज पिंटोच्या नाण्यांहूनही दुर्मीळ आहेत.