शिरोड्याची शेती आणि मुंबईची गिरणी



यंत्रयुग म्हटले की डोळ्यांसमोर उंच धुराडी येतात. आपल्या शिरोड्याचे नाव झाले ते मिठागरांमुळे. 1930 च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला, हे आपण सर्वजणी जाणतो. बाकी माड, मासळी आणि भाताचे कुणगे. तरीही यंत्राने आपल्या घरांची घडी बदलली, आणि ती मुंबईहून बदलली.

मुंबईत पहिली कापडगिरणी 1854 साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसे रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष तिकडे जाऊ लागले. आपला भाग 1981 पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. येथले कुणगे लहान, भावाभावांत वाटून आणखी लहान, आणि पावसाळी पिकावर वर्ष निघणे कठीण. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीत बसून माणसे जात. गड्याने मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकावी, खानावळीत जेवावे, आणि बाईने गावी शेत सांभाळावे, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. पगारात सर्व कुटुंब मुंबईत पोसवत नसे. माझ्या मते गिरणीला मजूर स्वस्तात मिळत होता तो यामुळेच. त्याची बायकापोरे येथल्या पेजेवर जगत होती. ही पेज कोणत्याही गिरणीच्या हिशेबात लिहिली गेली नसेल.

त्या पेजेमागचे कष्ट मी सासूबाईंच्या तोंडून ऐकले आहेत. मिरगाला तरवा पेरायचा, मग डोकीवर इरले घेऊन लावणी, मागाहून बेणणी, कापणी, झोडणी. जोत मात्र बाईने धरायचे नाही अशी रीत. म्हणून शेजारचा जोतवाला बोलवायचा आणि त्याची फेड त्याच्या कुणग्यात लावणीला जाऊन करायची. भात उकडून वाळवायचे, घिरटावर भरडायचे, मुसळाने सडायचे. हे सारे पहाटे, इतर कामे सुरू होण्याआधी. महिन्याकाठी मनिऑर्डर आली की दुकानातली उधारी फिटे. ती लांबली की पोस्टमनच्या वाटेकडे सर्व वाडीचे डोळे लागत.

अशात कूळकायदा आला. 1948 च्या कायद्यात 1956 साली दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळ जमिनीचे मालक ठरले. कोकणातल्या गरिबांवर या कायद्याचे उपकार थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. परंतु आमच्या घरी कूळ म्हणून नाव लागले ते आजेसासऱ्यांचे. ते तेव्हा मुंबईस एका गिरणीत साच्यावर उभे होते. चिखलात उभ्या होत्या आजेसासूबाई. ‘कसेल त्याची जमीन’ या शब्दांत ‘तिची’ हा शब्द बसलाच नाही. असे कितीतरी घरी झाले असेल.

नंतर भातगिरणी आली. घिरट पडवीत पडून राहिले, मुसळ लग्नाच्या घाण्यापुरते उरले. पहाटेची झोप मिळू लागली, हे सुख काही लहान नव्हे, आणि जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना मी नेहमी सांगते की आधी तासभर मुसळ धरून पाहा. परंतु दुसऱ्यांचे भात सडून देऊन ज्या बायका शेर-पायली तांदूळ मिळवीत, त्यांचा तो आधार गेला. 1968 नंतर देशात ‘जया’सारखी बुटकी भाते आली. उतारा वाढला, पण वालय आणि सोरटी यांच्यासारखे उंच गवत मिळेना. गवत कमी, म्हणून गुरे कमी. गुरे कमी, म्हणून शेणखत कमी. मग युरियाची गोणी आली.

18 जानेवारी 1982 पासून मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि कित्येक गिरण्या पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. मनिऑर्डरी आटल्या. माझे सासरेही बिछाना गुंडाळून आले. शेताची त्यांना सवय नव्हती; कुठला कुणगा कोणाच्या बांधाला लागतो हे ते सासूबाईंना विचारीत. सासूबाईंनी मग काजूच्या कारखान्यात बी फोडायला जाण्यास सुरुवात केली. टरफलातल्या तेलाने बोटे काळी पडत, कातडी सोलवटे. पण तो पगार त्यांच्याच हातात येई. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने, जे 1957 साली निघाले, काजूच्या चांगल्या जाती दिल्या आणि वरकस जमिनीवर बागा उभ्या राहिल्या. भाताचे काही कुणगे मात्र पड राहिले. लावणीला माणूस मिळत नाही, हे आता प्रत्येक पावसाळ्यात कानी येते.

कायदेही बदलले. पतीच्या हयातीतच पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावता यावे म्हणून 1992 साली शासनाने ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना काढली. 1994 साली महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांप्रमाणे हक्क मिळाला, आणि 2005 साली तो सर्व देशात लागू झाला. आपल्यापैकी कितीजणींनी आपला सातबारा काढून त्यावरची नावे वाचली आहेत, हे मंडळाच्या एखाद्या बैठकीत विचारावे असे मला वाटते.

सासूबाईंचे नाव सातबाऱ्यावर लागले ते सासरे वारल्यानंतर, वारस म्हणून. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्या जमिनीत त्यांचे चाळीस पावसाळे झाले होते.