घरच्या घरी ‘लाव्हा दिवा’

सुट्टी लागली की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या सोसायट्यांमध्ये भर दुपारी मुलांना गुंतवायचे कशात, हा पालकांपुढील नेहमीचा प्रश्न. स्वयंपाकघरातील तीन-चार जिनसांतून होणारा ‘लाव्हा दिवा’ हे त्यावरील एक स्वस्त उत्तर आहे.

मूळ लाव्हा दिवा १९६३ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी ‘अ‍ॅस्ट्रो’ या नावाने बाजारात आणला. त्यात खालच्या बल्बच्या उष्णतेने मेण फुगते, हलके होऊन वर चढते आणि थंड होताच पुन्हा खाली येते. घरगुती प्रयोगात मात्र उष्णतेला स्थान नाही. येथे काम करतो तो वायू.

काचेच्या उंच ग्लासात किंवा पारदर्शक बाटलीत पाव भाग पाणी घ्यावे. त्यात खाण्याचा रंग विरघळवावा आणि वर दोन बोटे जागा ठेवून गोडेतेल ओतावे. तेलाची घनता सुमारे ०.९२, पाण्याची १. त्यामुळे तेल वर तरंगते. रंग पाण्यात विरघळणारा असल्याने तेलात उतरत नाही. शेंगदाणा तेलाच्या पिवळसर छटेमुळे निळा रंग हिरवट दिसतो, म्हणून लाल बरा. खोबरेल तेल टाळावे. थंडीत ते थिजते आणि प्रयोग तेथेच संपतो.

आता इनोची पूड चिमूटचिमूट टाकावी. त्यातील खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल (आपले लिंबूसत्त्व) पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे बुडबुडे रंगीत पाण्याच्या थेंबांना धरून वर नेतात. पृष्ठभागावर वायू निसटतो आणि जड झालेला थेंब बुडतो. तेलाचा या रासायनिक क्रियेत काहीही सहभाग नसतो, हे मुलांना आवर्जून सांगावे. मोठ्यांचाही तेथे घोटाळा होतो.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसणाऱ्या सहावी व नववीच्या मुलांनी केवळ गंमत पाहून थांबू नये. एका ग्लासात फ्रिजचे, दुसऱ्यात कोमट पाणी घेऊन थेंबांची हालचाल किती वेळ टिकते, ते घड्याळ लावून मोजावे. पुडीचे माप मात्र दोन्हीकडे सारखेच हवे.

दोन पथ्ये कटाक्षाने पाळावीत. फसफसणाऱ्या बाटलीला झाकण लावू नये. वायूच्या दाबाने ती फुटू शकते. तसेच कोणताही लाव्हा दिवा, घरचा असो वा विकतचा, गॅसवर तापवू नये. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील केंट येथे २००४ मध्ये शेगडीवर ठेवलेला असा दिवा फुटून एका तरुणाचा मृत्यू झाला होता.

प्रयोगानंतर तेल मोरीत ओतू नये, नळ तुंबतो. काही तासांत ते पुन्हा वर जमते; अलगद काढून बाटलीत भरावे आणि पुढच्या प्रयोगासाठी ठेवावे. तळणासाठी मात्र नको.