व्हिनाइल फळ्यांची जमीन : घरात पाणी शिरल्यानंतरची हाताळणी

पॉलिव्हिनाइल क्लोराइडपासून बनवलेल्या, लाकडाचा भास देणाऱ्या लांबट फळ्या अंथरून केलेली जमीन. बाजारात ‘व्हिनाइल प्लँक’ किंवा ‘एसपीसी फ्लोरिंग’ या नावांनी ओळखली जाते. फळी पाण्याने फुगत नाही, म्हणून विक्रेते तिला वॉटरप्रूफ म्हणतात आणि ते खोटेही नाही. पण पूर ओसरल्यावर अडचण उभी राहते ती याच गुणामुळे. फळी वरचे पाणी खाली जाऊ देत नाही, तशी खाली गेलेली ओलही वर येऊ देत नाही.

रचना : सर्वांत वर पारदर्शक झीजरोधक थर, त्याखाली लाकडाच्या रेषा छापलेली फिल्म आणि खाली गाभा. एसपीसी प्रकारात गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा, कडक व जड असतो. डब्ल्यूपीसीचा गाभा फेसाळ आणि हलका. फळ्या दोन रीतींनी बसवतात. एकीत त्या गोंदाने जमिनीला चिकटवतात. दुसरीत कडेच्या खाचा एकमेकींत अडकवून फळ्या नुसत्या अंथरतात (क्लिक-लॉक) आणि खाली पातळ फोम असतो. फळ्यांना प्रसरण पावता यावे म्हणून भिंतीलगत काही मिलिमीटरची फट ठेवून ती स्कर्टिंगने झाकतात. पाणी बहुधा याच फटीतून आत जाते.

पाणी कुठले : निर्णयाचा पहिला आधार हाच. पूरदुरुस्तीच्या व्यवसायात पाण्याचे तीन वर्ग मानतात : नळाचे किंवा टाकीचे स्वच्छ पाणी, वॉशिंग मशीनसारखे सांडपाणी, आणि मैला मिसळलेले पाणी. नदीचा पूर आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी तिसऱ्या वर्गात येते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या घरांत आणि दुकानांत शिरले. ते ओसरल्यावर मागे चिखलाचा थर राहिला होता. असा गाळ क्लिक-लॉकच्या बारीक खाचांत बसला की फळी धुऊनही सांधा पुन्हा नीट मिटत नाही. अशा वेळी फळ्या टाकून देणेच बरे. खालचा फोम तर कोणत्याही पुरानंतर टाकाऊच समजावा.

काढणी : घाई हवी ती इथे. ओलीत बुरशी २४ ते ४८ तासांत धरू लागते. आधी घराचा मेन स्विच बंद करावा. विमा असेल किंवा सरकारी मदतीसाठी पंचनामा व्हायचा असेल तर सामान हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आली तेही फोटोत दिसू द्यावे. पुराच्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, त्यामुळे गमबूट आणि रबरी हातमोजे न घालता कामाला हात लावू नये. मग स्कर्टिंग उचकटून भिंतीकडच्या ओळीपासून सुरुवात करावी. पाणी स्वच्छ होते आणि फळ्या पुन्हा वापरायच्या आहेत, तर पाठीवर ओळीचा व जागेचा क्रमांक लिहून ठेवावा आणि धुतलेल्या फळ्या उन्हात न ठेवता सपाट रचाव्यात. उन्हात त्या वाकतात. चिकटवलेल्या फळ्यांचा गोंद पाण्याने मऊ पडून कोपरे वर आले असतील तर त्या सहज निघतात. न निघणाऱ्यांना हीट गनने मंद ऊब द्यावी, जाळू नये.

वाळवण : कामाचा सर्वांत मोठा भाग हाच, आणि सर्वांत जास्त चुकाही याच भागात होतात. काँक्रीटची स्लॅब वरून कोरडी दिसली तरी पोटात पाणी धरून असते. पाणी शिरते ते बहुधा पावसाळ्यातच. बाहेरची हवाच दमट असताना ‘खिडक्या उघडा, वारा खेळू द्या’ या सल्ल्याचा कोकणात फारसा उपयोग नाही. खिडक्या बंद करून पंखे आणि डीह्युमिडिफायर चालवणे जास्त कामाचे. ओल तपासण्याची सोपी रीत म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवून किमान १६ तास ठेवणे; खाली थेंब साचले किंवा काँक्रीट काळपटले तर थांबावे. आपल्याकडे पुष्कळदा जुन्या व्हिट्रिफाइड फरशीवरच व्हिनाइल अंथरलेले असते. ती फरशी ओल वर येऊच देत नाही, म्हणून तिथे ही कसोटी फसवी ठरते. फरशी पोकळ वाजत असेल, सांध्यांतून पांढरे क्षार येत असतील तर खाली पाणी आहे असेच धरावे.

गाळ आधी घासून धुवावा, जंतुनाशक नंतर. चिखलावर ओतलेले ब्लीच वाया जाते. ब्लीच अमोनियाच्या किंवा आम्लयुक्त क्लीनरमध्ये मिसळू नये, विषारी वायू निघतो.

फेरबसवणी व विल्हेवाट : भिंतींचा खालचा गिलावा सुकल्याखेरीज फळ्या पुन्हा बसवू नयेत. दरवर्षी पाणी येणाऱ्या तळमजल्यावर साधी सिरॅमिक किंवा कोटा फरशीच जास्त शहाणपणाची. तिथे व्हिनाइल सुचवणाऱ्या सजावटकाराला पूररेषा कुठे आहे ते विचारावे. काढलेल्या फळ्या अंगणात पेटवू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो श्वसनमार्गाला दाहक असतो. त्या पूरकचऱ्याबरोबर नगरपालिकेच्या गाडीत द्याव्यात.