पाण्याने राखलेली आग

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत मोटारींच्या गोष्टी निघाल्या की त्या फिरून फिरून होळकरांच्या मोटारखान्यापाशी येऊन थांबतात. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे ही गाडी घेतली आणि तिचा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून मढवून घेतला. आठ सिलिंडरे, कंपनीच्या दाव्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती, नारिंगी आणि काळा रंग, हे सारे आमच्या वडीलधाऱ्यांस तोंडपाठ असे. पण एवढी आग पोटात बाळगणाऱ्या त्या यंत्राला थंड कोण ठेवीत होते, त्यात पाणी कोण भरीत होते, असा प्रश्न कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. वेगाचा इतिहास लिहिला जातो, पाण्याचा लिहिला जात नाही. ही उणीव थोडीशी भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

जुन्या इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भाग थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. तो वेळीच बाहेर काढला नाही तर वंगणाचे तेल पातळ होते, धातू फुगतो, सिलिंडरचे हेड वाकते आणि शेवटी पिस्टन जागच्या जागी जखडतात. कार्ल बेंझ यांना २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकीच्या पेटंटाची तारीख मिळाली, तिच्यात यावरचा उपाय अगदी चुलीवरच्या भांड्यासारखा होता. सिलिंडरभोवतीचे पाणी उकळावे, वाफ होऊन उडून जावे आणि आपणाबरोबर उष्णता न्यावी. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. मोटारीचा जगातील पहिला लांबचा प्रवास म्हणून तो नोंदला गेला आहे. वाटेत विसलोख येथील औषधांच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यामानाने, शंभरावर किलोमीटरच्या त्या वाटेवर त्यांना पुनःपुन्हा पाणी भरावे लागले, ही गोष्ट कमी सांगितली जाते.

पाणी उडवून न देता तेच ते पुन्हा वापरावे, ही पुढची पायरी. ती निर्णायकपणे चढणारे अभियंते विल्हेल्म मायबाख. एमिल येलिनेक या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी १९०० साली जी गाडी घडविली, तिला येलिनेक यांच्या कन्येचे, मर्सिडीज हे नाव मिळाले. तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक रेडिएटर होता. सहा मिलिमीटर बाजूच्या ८०७० चौकोनी नळ्या एकत्र जोडलेल्या, नळ्यांतून वारा वाहावा आणि त्यांच्या फटींतून पाणी. थोड्या पाण्याला वाऱ्याचा मोठा पृष्ठभाग मिळाला. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत ही गाडी चमकली आणि मोटारीच्या पुढच्या जाळीला चेहऱ्याचे स्थान आले ते कायमचे.

पुढे पाणी खेळविण्यासाठी पंप आला. इंजिन गार असताना पाण्याची रेडिएटरकडील वाट बंद ठेवणारा आणि तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅट आला. १९२० च्या दशकात इथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य पाण्यात मिसळण्याची चाल थंड देशांत रूढ झाली. आणि मग आले दाबाचे झाकण. पाणी कोंडून त्यावर दाब ठेवला की ते उशिरा उकळते. दर चौरस इंचास अवघा ७ पौंड जादा दाब दिला तरी उत्कलनबिंदू १०० वरून सुमारे १११ अंशांवर जातो. मात्र हे झाकण तापलेल्या स्थितीत कोणी उघडले तर दाब एकदम नाहीसा होतो आणि शंभर अंशांपुढचे ते पाणी क्षणात वाफ होऊन उसळते.

हे आम्ही पुस्तकात नंतर वाचले. शिकलो आधी, आणि दुसऱ्याच्या हातावर. नोकरीची ती पहिली वर्षे. मे महिन्यात निमाडचा दौरा आटोपून आम्ही मंडलेश्वरहून महूकडे जाम घाट चढत होतो. चारला इंदुरात बैठक. अहिल्याबाईंनी बांधविलेल्या जाम दरवाजाच्या अलीकडे जीपने वाफ सोडली. चालक वयाने आमच्या वडिलांच्या जोडीचे, आम्ही त्यांस मामा म्हणत असू. ते गाडी सावलीत लावून, बॉनेट उघडून स्वस्थ बसले. आम्ही घड्याळ पाहून म्हणालो, "मामा, झाकण उघडा आणि पाणी ओता. उशीर होतोय." ते म्हणाले, "साहेब, अर्धा तास दम धरा. पाणी अजून खवळलेलं आहे." आम्ही ऐकले नाही. आवाज चढविला. त्यांनी मुकाट्याने हाताला फडके गुंडाळले आणि झाकण फिरविले. मनगटापासून कोपरापर्यंत त्यांचा हात भाजून निघाला.

त्या दिवशीच्या लॉगबुकात आमच्या सहीने नोंद आहे : 'घाटात इंजिन तापल्यामुळे एक तास विलंब.' हाताचा उल्लेख नाही. तो करावा, असे मनातही आले नाही.

काही वर्षांपूर्वी इंग्लंडात आमच्या भाच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. त्याने हौसेने जग्वार कंपनीची १९६७ ची ई-टाइप सांभाळली आहे. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही स्पोर्ट्स कार प्रथम लोकांपुढे आली. तिचा आकार रेखणारे माल्कम सेअर हे विमानांच्या कारखान्यातून आलेले. वाऱ्याला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून त्यांनी गाडीचे तोंड लहानसे, लंबवर्तुळाकार ठेवले. ते देखणे खरे, पण त्यातून आत शिरणारा वाराही मोजकाच. गाडी धावत असे तोवर ठीक, गर्दीत उभी राहिली की रेडिएटरमागचा एकुलता विजेचा पंखा अपुरा पडे. १९६८ च्या सुधारित आवृत्तीत कंपनीला तोंड मोठे करावे लागले आणि पंखे दोन बसवावे लागले. रसिक आजही जुन्याच तोंडाला अधिक मानतात. सौंदर्याची किंमत ते पाण्याच्या काळजीने फेडतात, असे म्हणावयास हरकत नाही.

ती काळजी कशी घ्यावयाची, हे भाच्याने दाखविले. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन भिन्न धातूंमध्ये नुसते पाणी राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि बीड गंजते. म्हणून क्षारविरहित पाणी आणि गंजरोधक मिसळलेले ग्लायकॉल निम्मे निम्मे घालावयाचे आणि दर दोन वर्षांनी बदलावयाचे. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी या मिश्रणाहून सरस असते, पण गंजापासून रक्षण ते करीत नाही. गंजाचा गाळ ब्लॉकच्या मागच्या सिलिंडरांभोवती साचतो. रेडिएटर नवा बसविला तरी हा गाळ खरवडून, उलट्या दिशेने पाण्याचा मारा करून काढल्याशिवाय गाडी तापायची थांबत नाही.

सर्वांत बोधप्रद गोष्ट थर्मोस्टॅटची. आपल्याकडे गाडी तापू लागली की तो काढून टाकण्याची जुनी वहिवाट आहे. पण या इंजिनात गार असताना पाणी एका आडवाटेने आतल्या आत फिरते आणि थर्मोस्टॅट उघडताना त्याची बाहेरची बाही ती आडवाट बंद करते. तो काढला, किंवा बाही नसलेला स्वस्त नमुना बसविला, तर बरेचसे तापलेले पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच पंपाकडे परतते. गार करण्यासाठी केलेला उपाय गाडीला अधिकच तापवितो.

एका संध्याकाळी फेरी मारून आल्यावर भाचा झाकणाकडे हात नेऊ लागला तेव्हा आम्ही नकळत त्याचे मनगट धरले. तो हसला. म्हणाला, "मामा, पातळी उद्या सकाळीच बघणार आहे, नुसती धूळ पुसत होतो." मामा ही हाक त्या दिवशी कानांना वेगळी लागली. मग गाडी निवेपर्यंत आम्ही त्याला जाम घाटाची हकीकत सांगितली.

इंदुरात १९७८ साली नर्मदेचे पाणी आले, तत्पूर्वी बहुतेक गाड्यांच्या पोटात विहिरीचे जड पाणीच जाई. रेडिएटरच्या नळ्यांत त्याचे पांढरे किटण धरे. मामा मात्र पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी कॅनमध्ये धरून ठेवीत आणि वर्षभर तेच जीपला पाजीत. त्यांना कोणी रसायनशास्त्र शिकविले नव्हते. भाजलेल्या हाताला पट्टी बांधूनही त्यांनी दुसऱ्या दिवशी ते पाणी गाळूनच भरले, हे आम्ही कचेरीच्या खिडकीतून पाहिले होते आणि खाली उतरलो नव्हतो.

मामा आता नाहीत. ते लॉगबुकही रद्दीत गेले असेल. म्हणून येथे, दुसऱ्या एका कागदावर, ती नोंद पुरी करून ठेवतो : विलंब इंजिनामुळे झाला नाही. चालकाने थांबावयास सांगितले होते. अधिकाऱ्याने ऐकले नाही.