तारापूरच्या तारखा आणि युनिक्सचे घड्याळ

२८ ऑक्टोबर १९६९. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, बोईसरजवळच्या तारापूर केंद्रात देशातील पहिली व्यापारी अणुवीज निर्माण होऊ लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीचा पाया घातला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही युनिक्सच्या कालगणनेतील खाचखळगे तारापूरच्या तारखांवरून विलक्षण स्पष्ट दिसतात.

युनिक्स आरंभी १९७१ च्या प्रारंभापासून सेकंदाचे साठावे भाग मोजत असे. ३२ बिटांच्या संख्येत असे जेमतेम ८२८ दिवस मावत. पुढे पूर्ण सेकंद मोजण्याचे ठरले आणि शून्य स्थिरावले १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीवर. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते.

म्हणजे तारापूरचा आरंभ शून्याच्या मागे पडला. २८ ऑक्टोबरची भारतीय मध्यरात्र या गणनेत उणे ५६,३५,८०० ठरते. ऋण संख्या चालत असेल तर काहीच बिघडत नाही. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याने काळ नेहमी धनच असतो असे गृहीत धरले, तर तेच ३२ बिट ४,२८,९३,३१,४९६ असे वाचले जातात आणि केंद्र ४ डिसेंबर २१०५ रोजी सुरू होणार असल्याचे उत्तर येते!

दुसरा खळगा अधिक फसवा आहे. तारापूरचा चौथा संच १२ सप्टेंबर २००५ रोजी व्यापारी उत्पादनात आला आणि तिसरा १८ ऑगस्ट २००६ रोजी. (होय, चौथा आधी.) या दोहोंच्या बरोबर मधली तारीख काढायची शाळेतली रीत म्हणजे बेरीज करून दोनाने भागणे. १,१२,६४,६३,४०० आणि १,१५,५८,३९,४०० यांची बेरीज २,२८,२३,०२,८००. चिन्हासहित ३२ बिटांची मर्यादा मात्र २,१४,७४,८३,६४७. बेरीज ओसंडते, बहुतेक यंत्रांवर उलटून ऋण होते आणि उत्तर मिळते १० फेब्रुवारी १९३८. खरे उत्तर १ मार्च २००६.

मौज अशी की दोन्ही तारखा स्वतंत्रपणे मर्यादेतच होत्या. २०३८ च्या संकटाची चर्चा पुष्कळ होते. पण १० जानेवारी २००४ च्या संध्याकाळनंतरच्या कोणत्याही दोन क्षणांची ३२ बिटांतील बेरीज तेव्हापासूनच फसते आहे. उपाय साधा आहे. आधी वजाबाकी करावी, फरक निम्मा करावा आणि तो पहिल्या तारखेत मिळवावा.

६४ बिटांच्या संख्येने मर्यादा अब्जावधी वर्षे पुढे ढकलली. जी जुनी उपकरणे ३२ बिटांवरच राहतील, त्यांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांपर्यंत बरोबर चालेल. पुढच्या सेकंदाला ते १९०१ सालात जाईल.